"असंबद्ध बडबड" म्हणे!

परवा एका प्रशिक्षणात साहेबांनी नेहमीचं वाक्य टाकलं, "आदिवासी पेशंट मनाच्या आजारासाठी दवाखान्यात येतच नाहीत, आधी पुजाऱ्याकडे पळतात. अंधश्रद्धा, दुसरं काय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, म्हणून आता इथे लिहितेय.

मी बावीस वर्षं नर्स आहे, त्यातली सहा मनोरुग्णांच्या वॉर्डात. तिथे भामरागडकडची एक माडिया बाई आणली होती. रात्रभर एकटीच बोलायची. केस पेपरवर मीच माझ्या हाताने लिहिलं, "असंबद्ध बडबड करते." इंजेक्शन वाढलं. चौथ्या दिवशी आमच्या सफाईच्या मावशी, त्या एटापल्लीकडच्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, ती बडबडत नाही हो. मेलेल्या पोराशी बोलते. त्याच्या नावाचा दगड अजून उभा केला नाही, म्हणून माफी मागते त्याची."

चार दिवस! डॉक्टर, मी, शिकाऊ पोरी, कुणालाच माडिया येत नव्हती. ती आजारी नव्हती असं मी म्हणत नाही. जेवण सुटलं होतं, औषध लागलंच. पण दुःख कशाचं हे न विचारता औषध वाढवणारे आम्ही, आणि अडाणी ती?

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की संमती घेताना पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती द्या. आमच्याकडे मराठी फॉर्मवर अंगठा घेतला की झालं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख आहेत. तरी आठव्या अनुसूचीत ती भाषा नाही आणि दवाखान्यातही नाही.

न्यूझीलंडमध्ये १९८८ साली नर्सिंगच्या एका माओरी विद्यार्थिनीने विचारलं होतं, तुम्ही सगळ्या सुरक्षिततेबद्दल बोलता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी नर्सने तो प्रश्न लावून धरला. १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने तो शिक्षणात घेतला. त्यात माओरींचे सण पाठ करायचे नव्हते. नर्सने आधी स्वतःचे पूर्वग्रह बघायचे, आणि सेवा सुरक्षित होती का हे पेशंटने ठरवायचं. आपल्याकडे आदिवासी संस्कृती म्हणजे ९ ऑगस्टला ढोल आणि साहेबांच्या डोक्यावर मोरपीस!

लांब कशाला, गडचिरोलीतच शोधग्रामला लोकांना विचारून झोपड्यांसारखा दवाखाना बांधला, नाव माँ दंतेश्वरीचं दिलं, नातेवाइकांना राहायला जागा ठेवली. आमच्या वॉर्डात मात्र नातेवाईक गेटबाहेर. भामरागडहून नागपूरच्या मनोरुग्णालयापर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास यायचं, आणि तिथे आपली भाषा समजणारं एकही माणूस नाही. मग पुजारी जवळचा वाटणारच ना? तो निदान ऐकून तरी घेतो.

दुभाष्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पद मंजूर नाही." अहो, काम तर चालूच आहे! मावशी करतात. पगार मात्र सफाईचा, तोही ठेकेदार तीन-तीन महिने थकवतो. माडिया, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या शिकलेल्या पोरी गावोगाव आहेत. घ्या ना त्यांना, मान देऊन, पगार देऊन.

पुढचं प्रशिक्षण पंधरा दिवसांनी आहे. मावशींना सोबत नेणार आहे. पहिल्या रांगेत बसवणार, साहेबांना चालो न चालो.