परवाना गेला, हेलपाटे उरले

१९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने स्वतंत्र भारतातील उद्योजकाच्या कर्तृत्वाला दिल्लीच्या शिक्क्याचे बंधन घातले. कारखाना कोठे काढावा, त्यात काय बनवावे आणि किती बनवावे, हे ज्यांनी आयुष्यात कधी यंत्र चालवले नाही असे अधिकारी ठरवू लागले. परवान्यातील मर्यादेपेक्षा अधिक उत्पादन करणे हाही चक्क अपराध! एकीकडे ग्राहक बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेले, तर दुसरीकडे कारखान्याची क्षमता वाढवायची तर सरकारदरबारी अर्ज-विनंत्या. समाजवादाच्या नावाने हा खेळ चार दशके चालला.

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता परवान्याची सक्ती संपवली. मात्र या मुक्तीचा लाभ प्रामुख्याने मोठ्यांना झाला. भोसरी वा सातपूर येथे वीस-पंचवीस कामगारांनिशी सुटे भाग बनवणाऱ्याला दिल्लीची पायरी क्वचितच चढावी लागे. त्याचे परवानाराज जिल्ह्याच्या ठिकाणी होते आणि ते तेथेच राहिले. कारखान्याची नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमन दलाचा दाखला, वजनमापांची तपासणी! मोठ्या कंपनीत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान कारखान्यात मालक, फोरमन आणि कारकून बहुधा एकच.

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदींमधील फौजदारी स्वरूप काढले वा सौम्य केले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु विश्वास टाकणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट होऊन दहाहून अधिक जीव गेले. मे २०१६ मध्ये याच वसाहतीत असाच स्फोट झाला होता. तेव्हाही नियमांचा तुटवडा नव्हता. कागद तपासले जातात, यंत्र तपासायला कोणी फिरकत नाही, हे खरे दुखणे आहे.

भारतीय मजदूर संघ आणि स्वदेशी जागरण मंच या दोहोंचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी कामगार आणि स्वदेशी उद्योग यांना कधी परस्परांचे शत्रू मानले नाही. लोखंडी कपाटे बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपला आणि ज्वालाग्राही रसायने हाताळणाऱ्या कारखान्याला एकाच गजाने मोजणाऱ्या शासनाला ही दृष्टी कधी येणार? पहिल्याला एका अर्जावर मोकळे करावे. दुसऱ्याच्या दारात जाणकार निरीक्षक, पूर्वसूचना न देता, वारंवार गेला पाहिजे, आणि त्याचा अहवाल वसाहतीलगत राहणाऱ्या कुटुंबांना वाचता आला पाहिजे.