जिन्याखालची सायकल

सोलापुरातील पुष्कळ घरांच्या जिन्याखाली एक जाडजूड, मोठ्या खुब्यांच्या टायरांची सायकल धूळ खात उभी असते. मुलाच्या दहावीनंतर हौसेने घेतलेली; पुढे मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि सायकल तेथेच राहिली. असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. नवी पेठेत कापडाचे दुकान, वडिलांचे वय पन्नाशीपुढे, दिवसभर गादीवर बैठक. रक्तातील साखर वाढल्याने डॉक्टरांनी रोज व्यायाम करण्यास बजावले. वडिलांनी एका सकाळी सायकल काढली, सिद्धेश्वर तलावापर्यंत नेली आणि घामाघूम होऊन परतले.

"अहो, हे धूड एकदाचे विकून टाका," असे घरात म्हणणे. "पप्पा, एवढी महागाची सायकल कवडीमोलाने का द्यायची?" असा पुण्याहून फोन.

व्यापारी घरात खरेदीची किंमत पटकन विसरली जात नाही. परंतु दुकानात पडून राहिलेल्या ताग्याचे मोल कोणी जुन्या बिलावरून ठरवीत नाही. आज गिऱ्हाईक काय देईल आणि जागा किती अडली, एवढेच तेथे पाहिले जाते. सायकलीलाही तोच न्याय लावावा. गेलेले पैसे विकूनही परत येत नाहीत आणि ठेवूनही येत नाहीत. प्रश्न उरतो तो पुढील वर्षाच्या वापराचा.

वजनाचा हिशेबही शांतपणे मांडावा. सायकल १८ किलोची आणि स्वार ७० किलोचा, म्हणजे एकूण ८८ किलो. महागडे सुटे भाग बसवून सायकलीचे ३ किलो कमी केले, तरी एकूण ओझे शंभरात साडेतीनच्या आसपास घटते. वजन जाणवते ते चढावर आणि थांबून पुन्हा निघताना. सपाट डांबरी रस्त्यावर दमविणारी गोष्ट बहुधा निराळीच असते : खुब्यांचे रुंद टायर, त्यांतील कमी हवा, घासणारे ब्रेक, कोरडी चेन आणि खाली राहिलेली सीट.

म्हणून सुधारणा स्वस्त कामापासून सुरू करावी. चेन पुसून तेल द्यावे, ब्रेक मोकळे करावेत. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत पुरेशी हवा भरावी. पॅडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर घ्यावी. एवढ्यावर पंधरा दिवस सायकल चालवून पाहावी. त्यानंतर जमत असेल तर दीड-पावणेदोन इंचांचे गुळगुळीत टायर घालावेत. मात्र ते जुन्या रिमला बसतात याची मिस्त्रीकडून खात्री करून घ्यावी. बाभळीच्या काट्यांचा विचार करून टायरच्या आत पंक्चररोधक पट्टी टाकावी. मडगार्ड, कॅरिअर आणि रेक्झिनची रुंद सीट बसविली की सायकल दुकानाच्या कामाची होते. सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी घर गाठणाऱ्यास पेठेतील गर्दीत ती मोटारीपेक्षा सोयीची ठरते.

काही सायकली मात्र सुधारण्याच्या भरीस पडू नये अशा असतात. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर मध्ये मोकळी जागा राहत नसेल, तर सांगाडा मापाने मोठा आहे. माप दुरुस्तीने बदलत नाही. मागेही स्प्रिंग असेल तर पायाचा बराचसा जोर तिच्यात मुरतो आणि साधे कॅरिअरही नीट बसत नाही. सांगाड्याला तडा असेल तर विचारच नको. तसेच सुधारणेचा खर्च आजच्या विक्रीमोलापुढे जात असेल, तर ती रक्कम नव्या साध्या सायकलीकडे वळवावी.

आणि एक गोष्ट हिशेबाबाहेरची. दम लागला की दोष सायकलीचाच, असे धरून चालू नये. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर मिस्त्रीआधी डॉक्टर गाठावा.

जुने वाहन नव्या कामास जुंपण्याचे एक मोठे उदाहरण याच गावच्या सुपुत्राचे आहे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९१९ साली सहकाऱ्यांसह 'लॉयल्टी' ही जुनी आगबोट ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतली. १८९१ पासून ती 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने उतारू नेत असे. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळ-बोट झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली आणि तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इतका मान मिळूनही १९२३ साली ती मोडीत निघाली. सिंदिया कंपनी मात्र पुढे चालत राहिली. बोट जपणे हे कंपनीचे काम नव्हते. जहाजे चालविणे हे काम होते.

वडिलांचे कामही सायकल जपणे हे नाही, प्रकृती जपणे हे आहे. म्हणून मुलाशी एकदा मोकळेपणी बोलून मुदत ठरवावी : दिवाळीत नव्या चोपड्या पूजण्यापूर्वी सायकल नित्य रस्त्यावर दिसली तर ती घरची. नाहीतर दुकानातील एखाद्या कामगाराच्या मुलाला ती हवा भरून, तेल देऊन सोपवावी. न वापरलेली वस्तू केवळ आठवणीसाठी अडवून ठेवणे हाही परिग्रहच. त्या मुलाच्या पायाखाली ती धावली, तर तिच्या किमतीचा खरा वसूल तेथेच झाला.