दहावीचा निकाल आणि आठवीच्या पटावरून गळालेली नावे

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की नागपूर विभागाबद्दल एकच बातमी छापून येते: राज्यात सर्वांत मागे. २०२३ मध्ये विभागाचा निकाल ९२.०५ टक्के लागला, २०२४ मध्ये ९४.७३ टक्के आणि २०२५ मध्ये ९०.७८ टक्के. तिन्ही वर्षी नऊ विभागांत शेवटचा. त्याच तीन वर्षांत कोकण विभाग ९८ टक्क्यांच्या वर राहिला. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे नागपूर विभागात येतात. दोन दिवस चर्चा होते, "जंगलातली पोरं, मागेच राहणार" असे कुणीतरी म्हणून टाकतो, आणि जूनमध्ये सगळे विसरतात.

आम्ही या दोन जिल्ह्यांतील गावांमध्ये तरुणांसोबत शिक्षणाच्या प्रश्नावर काम करतो. आमचे म्हणणे असे की ही टक्केवारी आपल्या मुलांची खरी अवस्था सांगतच नाही. ती फक्त परीक्षेला बसलेल्यांची असते.

वर्गात कोण बसते?

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत अनुसूचित जमातींची लोकसंख्या जवळपास ३९ टक्के आणि अनुसूचित जातींची सुमारे ११ टक्के आहे. चंद्रपुरात हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे १८ आणि १६ टक्के आहे. गावच्या सरकारी हायस्कूलमध्ये मात्र चित्र याहून वेगळे दिसते. ज्यांना परवडते ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी इंग्रजी माध्यमात मुले घालतात. मागे उरतात ती शेतमजुराची, रोजंदारीवर जाणाऱ्याची मुले: बौद्ध, गोंड, माना आणि ओबीसींमधील भूमिहीन. भामरागडकडे माडिया, जिवतीकडे कोलाम, सिरोंचात घरी तेलुगू बोलणारी, मुलचेऱ्यात बंगाली बोलणारी. पुस्तक मात्र सगळ्यांना एकाच प्रमाण मराठीचे. या वर्गाची तुलना थेट कोकणाशी करायची आणि मुलांना मंद ठरवायचे, हा न्याय नव्हे.

टक्केवारी कशी फुगते?

साधा हिशेब करू. समजा, एका शाळेत आठवीच्या पटावर ४० मुले होती. दहावीच्या परीक्षेला २८ बसली, २५ पास झाली. शाळेचा निकाल लागला ८९ टक्के. फलक लागतो, अभिनंदन होते. पण आठवीतल्या ४० पैकी दहावी पास झाले ६२.५ टक्केच. उरलेल्यांपैकी काही दुसऱ्या शाळेत गेले असतील, पण बाकीचे कुठे गेले, हे कुणी विचारत नाही. निकाल बिघडू नये म्हणून कच्च्या मुलाला नववीतच "१७ नंबरचा फॉर्म भर" असे सांगितल्याचे पालकांकडून आम्ही ऐकले आहे. १७ नंबरचा विद्यार्थी खाजगी उमेदवार ठरतो आणि बातमीतल्या टक्केवारीत त्याची गणती होत नाही.

गळती का होते?

शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. बऱ्याच गावांत शाळाही सातवी-आठवीला संपते. पुढचे हायस्कूल पाच-दहा किलोमीटरवर. मानव विकासची बस आणि मुलींना मिळणाऱ्या सायकली यांचा उपयोग झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल भागात वाघाने माणूस मारल्याची बातमी आली की पहिली घरी बसते ती मुलगीच. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो.

त्यात कामाचा हंगाम आणि परीक्षेचा हंगाम एकच. फेब्रुवारी-मार्चमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीची कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत तिकडून पायी परतणारे मजूर साऱ्या देशाने पाहिले. आई-बाप तिकडे गेले की दहावीची मुलगी एक तर सोबत जाते, नाही तर घर आणि लहान भावंडे सांभाळते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मग तेंदूपत्ता. गावात वसतिगृह असते तर यातली किती नावे पटावर टिकली असती?

सरकारच्या योजना कुठून सुरू होतात तेही पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मोठा आधार आहे, पण ती अकरावीपासून. जो नववीतच गळाला त्याला स्वाधार काय कामाची?

आपली जबाबदारी

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. आज त्या दीक्षाभूमीवर त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे. त्या पिढीने पोट मारून मुले शिकवली. आता आपल्यातला शिकलेला वर्ग शहरात स्थिरावला आणि गावच्या शाळेकडे त्याने पाठ फिरवली, हे कडू असले तरी खरे आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला गावी येणारे आपण जूनमध्ये शाळेत पट तपासायला येत नाही.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. शाळेत नाव घालणे पुरेसे नाही, मुलाच्या राहण्या-जेवणाची सोयही लागते, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

म्हणून युवकांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, आपल्या गावच्या आठवीच्या पटावरील नावे लिहून घ्या आणि दोन वर्षांनी त्यातली किती दहावीला बसली ते मोजा. मुली, बौद्ध, आदिवासी असे वेगवेगळे. शाळा माहिती देत नसेल तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहे, ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. दुसरे, डिसेंबर ते मार्च या काळात विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवा. ज्यांचे आई-बाप मिरचीला गेले आहेत त्या मुलांच्या रात्रीच्या जेवणाची सोय गावाने करावी. त्या वर्गात गोंड, माना, कुणबी मुलेही बसली पाहिजेत, कारण ती एकाच बाकावरून गळतात. तिसरे, हंगामी वसतिगृहाची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने, गळालेल्या मुलांच्या आकड्यासह करा. आकडा हातात असला की साहेबाला टाळता येत नाही.

पुढच्या मे महिन्यात निकालाची बातमी येईल तेव्हा आपल्या गावाची यादी आपल्याकडे तयार असावी.

जय भीम!