दवाखान्यातील उतरंड

घरातील माणूस दवाखान्यातून बरे होऊन परतले म्हणजे आपण देवापुढे नारळ फोडतो आणि डॉक्टरांकडे पेढे पाठवितो. या दोन्ही गोष्टी योग्यच होत. परंतु ज्या आयेने त्या आजाऱ्याची रात्रभर कूस बदलून त्याच्या पाठीस जखमा पडू दिल्या नाहीत, तिचे नाव आपणांपैकी किती जणांस सांगता येईल? ज्या सफाई कामगाराने त्याच्या खाटेखालची घाण दिवसातून तीन वेळा उपसली, त्याचा चेहरा तरी कोणास आठवतो काय? हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नसून रोग्याच्या जीविताचा आहे, म्हणूनच आज आम्ही तो वाचकांपुढे मांडीत आहो.

दवाखाना म्हणजे एक डॉक्टर व एक औषधांचे कपाट, अशी आपली समजूत असते. वस्तुतः केसपेपर काढणाऱ्या कारकुनापासून तेथील काम सुरू होते. त्याने नाव अगर वय चुकीचे लिहिले तर पुढील सर्व कारभार चुकतो. नंतर परिचारिका नाडी व ताप पाहते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ रक्त तपासतो. औषधनिर्माता डॉक्टरांची चिठ्ठी वाचून मात्रा देतो. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारा रोग्याचा श्वास सांभाळतो. हत्यारे निर्जंतुक करणारा त्याच्याही आधी येऊन गेलेला असतो. वॉर्डबॉय, आया, स्वयंपाकी, धोबी, रुग्णवाहिकेचा चालक, रात्रीचा पहारेकरी, ही सर्व मंडळी याच साखळीच्या कड्या होत. व्यापारी वाचकांस हे अधिक विस्ताराने सांगावयास नको. पेढीची पत मालकाच्या नावावर असली, तरी काटा नोकराच्या हाती असतो. आणि काटा खोटा ठरला तर पत राहात नाही.

तथापि दवाखान्यात मानाची जी उतरंड रचलेली दिसते, तीत वरच्या लहान मडक्याला सर्व जण नमस्कार करितात आणि ज्यावर सारा भार आहे त्या तळच्या मडक्याकडे कोणी ढुंकूनही पाहात नाही. तळचे मडके फुटले म्हणजे वरचे कोठे राहील, याचा विचार कोणी करावयाचा? फरशी पुसणाऱ्याने आळस केला, किंवा वापरलेली सुई नेमल्या डब्यात न पडता साध्या कचऱ्यात गेली, तर निष्णात शस्त्रवैद्याचे कौशल्यही जखमेतील पू थांबवू शकत नाही.

खालच्या म्हणून मानलेल्या माणसांच्या हाती ज्ञान दिले असता काय घडते, याचे उदाहरण शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. ते आपल्या जामखेडासच आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली या अवर्षणग्रस्त तालुक्यात ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प आरंभिला. उभयतांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरचे आणि सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे. मोठ्या शहरात त्यांस द्रव्य व कीर्ती दोन्ही सहज मिळाली असती. परंतु त्यांना प्रथमपासून दिसून आले की, येथील बालके मरतात ती दुर्मिळ रोगांनी नव्हे, तर हगवणीने, उपासमारीने आणि नाळ कापण्याच्या अस्वच्छ पात्याने. असे मृत्यू टाळण्यास डॉक्टर गावोगाव पुरणार कोठून? शिकलेल्या परिचारिका खेड्यात पाठवून पाहिल्या, पण परक्या ठिकाणी त्यांचा जम बसेना. तेव्हा गावानेच निवडलेल्या गावच्याच स्त्रीस शिकवावयाचे ठरले.

या स्त्रिया कोण होत्या? बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, कित्येक नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्यास त्या जामखेडास येत. तेथे सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र जेवीत, एकत्र निजत व एकत्र शिकत. मीठ-साखरेचे पाणी कसे करावे, गरोदर बाईची तपासणी कशी करावी, स्वच्छ बाळंतपण कसे करावे, क्षय व महारोग कसा ओळखावा, हे त्या शिकल्या आणि गावी जाऊन त्यांनी इतरांस शिकविले. १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत; १९९० च्या दशकात हे प्रमाण तिसांच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कार्याची दखल घेतली आणि १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या अहिल्याबाई होळकरांचे नाव २०२४ साली या जिल्ह्यास देण्यात आले, त्यांचा जन्म १७२५ साली याच तालुक्यातील चोंडी गावी झाला. खेड्यातील मुलीच्या अंगी किती कर्तबगारी असू शकते, हे जामखेड तालुक्यास तरी नव्याने सांगावे लागू नये.

अशा कामास कमी लेखण्याची खोड मात्र आपल्या समाजास जुनीच आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदन काढले व विधवांस परिचारिकेचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली, तेव्हा परक्या पुरुषाच्या जखमा धुणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ होते. आज परिचारिकेचा पेशा प्रतिष्ठेचा झाला आहे. म्हणजे कामात हलकेपणा नव्हता. तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत होता.

जामखेडासारख्या प्रयोगांपासून बोध घेऊनच पुढे देशात गावोगावी आरोग्यसेविका नेमण्याची कल्पना रुजली आणि २००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानात तिला 'आशा' हे नाव मिळाले. करोनाच्या साथीत २०२० साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत दारोदार हिंडून ताप मोजणाऱ्या याच स्त्रिया होत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण याच आशांना जून २०२१ मध्ये, साथ चालू असता, मोबदल्यासाठी राज्यभर संप करावा लागला, हे विसरता कामा नये. आजही त्या सरकारी नोकर गणल्या जात नाहीत. मानधन व कामागणिक मोबदला एवढ्यावर त्यांची बोळवण होते. टाळ्यांनी व प्रशस्तिपत्रांनी चूल पेटत नाही.

यावर कोणी म्हणेल, 'जामखेडच्या बायका नोकरीच्या पगारावाचून राबल्या, मग यांनीच पगार का मागावा?' आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु जामखेडची स्त्री स्वतःच्या गावास, स्वतःच्या सवडीने, थोडा वेळ देत होती. तिच्या पाठीशी दर आठवड्याची शिकवण, महिला मंडळाचा आधार आणि स्वतःचा धंदा काढण्यास साह्य होते. आशेच्या गळ्यात मात्र नोंदवह्या, अहवाल, ठरीव उद्दिष्टे व वरिष्ठांची जाबसाल ही सर्व नोकरीची ओझी घातली आहेत. ओझे नोकरीचे आणि नाव सेवेचे, हा व्यवहार न्याय्य नव्हे. दुकानातल्या मुलास 'तू सेवाभावाने माप घाल' असे सांगून महिनाअखेरीस हात हलवीत घरी पाठविणाऱ्या दुकानदारास आपण काय म्हणू?

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. पहिली, आशा व कंत्राटी कामगार यांस निश्चित वेतन, तेही ठरल्या तारखेस. दुसरी, खालच्या पायरीवरील माणसास वर चढण्यास शिडी. आयेस परिचारिकेचे व आशेस दाईचे शिक्षण घेण्याची वाट मोकळी हवी. तिसरी, जी कायद्याने आधीच बंधनकारक आहे. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्यांस हातमोजे व इतर संरक्षक साधने, कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा आरोग्यतपासणी व कामाचे शिक्षण मिळाले पाहिजे. ठेकेदाराकडील माणूस 'आमचा नव्हे' असे म्हणून कोणत्याही दवाखान्यास हात झटकता येणार नाहीत.

सरकारने करावयाचे ते सरकारने करावे. पण नगरवासीयांचेही कर्तव्य आहे. सरकारी रुग्णालयांच्या रुग्णकल्याण समित्यांवर आपल्यापैकीच काही सदस्य असतात. त्यांनी पुढील सभेत नव्या यंत्राच्या मागणीआधी एवढेच विचारावे की, झाडणाऱ्यास हातमोजे मिळतात काय, लस टोचली काय, आणि त्याचा पगार गेल्या महिन्यात कोणत्या तारखेस झाला. खासगी दवाखान्यांस देणगी देणाऱ्या धनिकांनीही हाच प्रश्न करावा. भिंतीवर नावाची पाटी लावण्यास जितका खर्च येतो, तितक्यात पुष्कळ जणांच्या लसी होतात. आणि आजाऱ्यास भेटावयास जाणाऱ्या प्रत्येकाने आयेस 'ए बाई' न म्हणता तिचे नाव विचारून, 'अहो' म्हणून हाक मारावी. यास तर दमडीही लागत नाही.

जामखेडच्या निरक्षर बाईने मुले वाचविली, कारण कोणीतरी तिला शिकवण्याजोगी मानले. ज्याच्या हाती आपण आपले आजारी माणूस सोपवितो, त्यास माणूस मानण्यास आपण तरी कशाची वाट पाहात आहो?