आरशातील रूप

लंडनमधील ख्यातनाम डॉक्टर सर विल्यम गल यांनी १८७३ साली तेथील वैद्यांच्या सभेपुढे एका चमत्कारिक रोगाविषयी निबंध वाचला व त्या रोगास 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. पुढल्या वर्षी निबंध छापून निघाला, तेव्हा त्यासोबत रुग्ण मुलींची चित्रेही होती : आजारात अस्थिपंजर झालेली मुद्रा एकीकडे आणि तीच मुलगी बरी झाल्यावर दुसरीकडे. दुसरे चित्र पाहून कोणीही म्हणेल, "सुटली बिचारी!" मला मात्र त्या जोडीत एक चित्र उणे वाटते. त्या मुलीला आरशात काय दिसत होते?

या रोगाचे नाव फसवे आहे. त्याचा अर्थ भूक नसणे. पण रोग्याला बहुधा भूक असते, आणि त्याहून मोठे असते ते लठ्ठ होण्याचे भय. हाडे वर आली तरी आपले अंग स्थूलच भासते. हा हट्ट नव्हे, ढोंगही नव्हे. स्वतःच्या देहाविषयीच्या या विपरीत जाणिवेकडे डॉ. हिल्डे ब्रुख यांनी १९६२ साली अमेरिकेत लक्ष वेधले. गल यांच्या निबंधात तिचा विचार नाही. मुलगेही या रोगातून सुटत नाहीत.

उपचारांनी अन्न पोटात जाऊ लागते, गालांवर रक्त चढते. परंतु मनातील प्रतिमा तितक्या वेगाने पालटत नाही. ज्या घडीला आपण 'बरी झाली एकदाची' म्हणून निःश्वास टाकतो, तीच घडी तिला सर्वांत अवघड असू शकते. आणि नेमकी तेव्हाच आपली जुनी खोड आड येते. भेटताक्षणी माणसाच्या अंगावरून बोलावयाचे! "किती वाळलीस ग!" नाही तर, "छान अंग धरलेस हो!" बोलणाऱ्या मावशींच्या पोटात मायाच असते, यात शंका नाही, पण त्या मुलीच्या कानी 'तू लठ्ठ झालीस' एवढेच पडते आणि हातातला घास पुन्हा जड होतो. म्हणून येथे स्तुतीही नको, असे माझे स्पष्ट मत आहे. (वजनाचे आकडे मी मुद्दामच दिलेले नाहीत.)

"मग आपुलकीने विचारूही नये काय?" अवश्य विचारावे. तिने वाचलेल्या पुस्तकाविषयी विचारा, अर्धवट राहिलेला कॅरमचा डाव पुन्हा मांडा, बुडालेल्या धड्यांची वही द्या. आणि एखादी मैत्रीण रोज भरलेला डबा तसाच परत नेते असे दिसले, तर तिला चिडवू नका; तिच्या घरी किंवा आपल्या बाईंना सांगा. ती चहाडी होत नाही. या दुखण्याला डॉक्टर लागतात, आणि वेळीच लागतात.