बाळंतिणीच्या बाटलीत काय असतं?

मैत्रिणींनो, धाराशिव असो, तुळजापूर असो की कळंब, लेक बाळंतपणाला माहेरी आली की डिंकाच्या लाडवांबरोबर दशमूलारिष्टाची बाटलीही घरात येतेच. बेल, शिवण, गोखरू अशा दहा मुळांचा हा काढा. त्यात गूळ, मध, मनुका आणि धायटीची फुलं घालून तोंड बांधून मुरत ठेवतात. गोड आंबतं आणि मद्यार्क आपोआप तयार होतो. त्याचं प्रमाण बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. साधारण ५ ते १० टक्के, म्हणजे बिअरइतकं किंवा जास्तच!

दचकू नका. ही रीत जुनीच आहे. चरकसंहितेत ८४ आसवं सांगितली आहेत. तिकडे फ्रान्समध्ये कार्थुझियन मठातल्या साधूंना १६०५ साली वनौषधींच्या अर्काचं हस्तलिखित मिळालं. त्यावरून औषध म्हणून केलेला अर्क पुढे ‘शार्त्रूज’ नावाचं मेजवानीचं मद्य झाला.

आपल्या घरी मात्र औषध हे औषधच राहू द्या. वैद्यांनी सांगितलेली मात्रा मापून, जेवणानंतर, तितक्याच पाण्यातून द्या. लेक बाळाला अंगावर पाजते, तेव्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांनाही विचारा. मधुमेह असेल तर नक्कीच, कारण यात गूळ असतो. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्यांत मेट्रोनिडाझोल असेल, तर दोन्ही एकत्र नकोच. “घरचंच तर आहे” म्हणून बाटली लपवू नका. आणि बाळाच्या जिभेवर थेंबभरही नको बरं का, आजी कितीही म्हणोत!