बोर्ड गेला, मशीन नाही

आमच्या रुग्णालयातली स्ट्रेस टेस्टची खोली मागे एकदा एकोणीस दिवस बंद होती. धावपट्टा ठीक, मोटर ठीक, छातीला लावायच्या तारा ठीक. बंद होता तो फक्त बाजूचा कॉम्प्युटर. बटण दाबले की पंखा फिरायचा, पडदा मात्र काळाच. दारावर कागद लागला : ‘मशीन बंद आहे’.

त्या कागदासमोर एक ऊसतोड मुकादम उभे होते. चढ चढताना छाती आवळून येते, थांबले की बरे वाटते, बसल्या जागी काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल. नेमक्या अशाच माणसाला ही चाचणी लागते. ते दोन तास एसटीने येऊन तिसऱ्यांदा परत चालले होते. म्हणाले, “साहेब, कॉम्प्युटरच गेलाय ना? मग दुसरा लावा की.”

प्रश्न साधा होता आणि मला त्याचे धड उत्तर देता येईना. यंत्र पुरवणाऱ्यांचा माणूस पाहून गेला होता. हे मॉडेल बंद झाले, पूर्ण संचच नवा घ्या, असे त्याचे म्हणणे. किंमत लाखांत. आमच्याकडे दुसरी वाट निर्लेखनाची. जडसंग्रह नोंदवहीतून वस्तू कमी करायची, समितीची सही घ्यायची आणि नव्या मागणीचा प्रस्ताव वर पाठवायचा. तो कधी खाली येतो, हे सरकारी नोकरीतल्या वाचकांना सांगायला नको.

शेवटी एसटी स्टँडजवळच्या दुकानातला एक दुरुस्तीवाला बोलावला. त्याचे काम पाहताना मला आमचे वॉर्ड राउंड आठवले. त्याने एकदम ‘मदरबोर्ड गेला’ म्हटले नाही. आधी दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहिला. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची टोके खोडरबरने पुसली, एकेक करून लावली. तीन व्होल्टची बटणासारखी बॅटरी बदलली. सगळ्या जोडण्या काढून नुसता बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम ठेवून पाहिले. स्वस्त तपासण्या आधी, महाग निदान शेवटी. बोर्ड गेला म्हणून टाकलेल्या कित्येक कॉम्प्युटरांत खरा बिघाड एसएमपीएस किंवा रॅमचा असतो, असे तो म्हणाला. आमच्याकडेही वरचेवर असेच होते. छातीत दुखले की थेट हृदयावर बोट, आणि निघते आम्लपित्त.

आमचा बोर्ड मात्र खरोखरच गेला होता. प्रोसेसरजवळच्या चार कपॅसिटरांची डोकी फुगली होती. या छोट्या डब्यांत द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू आटतो, आत वायू साठतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढले तर कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. आमचा डबा टेबलाखाली भिंतीला चिकटून, पंख्यावर धुळीची गादी. बारा वर्षे टिकला हेच नवल.

आता प्रश्न कोणता बोर्ड घ्यायचा हा. नवीन पिढीचा बोर्ड घेतला की जुना प्रोसेसर बसत नाही, जुनी डीडीआर-३ रॅम बसत नाही. दोन्ही नवे घ्यावे लागतात. शिवाय आमच्या यंत्राचे कार्ड जुन्या पीसीआय खाचेत बसणारे, आणि ती खाच आजच्या बहुतेक बोर्डांवर नसते. धावपट्ट्याला वेग आणि चढ सांगणारी तार जुन्या सीरिअल पोर्टला जोडलेली. सॉफ्टवेअर विंडोज ७ वरचे. म्हणजे त्याच ११५५ सॉकेटचा, पीसीआय खाच आणि सीरिअल पोर्ट असलेला बोर्ड हवा. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाला. वापरलेला, तीन महिन्यांची हमी, मजुरीसह अठ्ठावीसशे रुपये. घेताना त्याने सॉकेटमधल्या बारीक पिना भिंगातून पाहिल्या. या जातीत पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात, आणि एक वाकली तरी पैसे पाण्यात. बोर्ड बसवण्याआधी जुन्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली. त्यात रुग्णांचे अहवाल होते, म्हणून ते काम आमच्याच खोलीत, आमच्या डोळ्यांसमोर. डिस्क दुकानात जाऊ दिली नाही. घरचा कॉम्प्युटर दुरुस्तीला देणाऱ्यांनीही एवढे जरूर करावे.

दुरुस्ती झाली एका दुपारी. बाकीचे दिवस तीन दरपत्रके आणि रुग्ण कल्याण समितीच्या मंजुरीत गेले.

पडदा उजळला म्हणून लगेच रुग्ण चढवायचा नसतो. या चाचणीत ईसीजीची एक रेघ मूळ पातळीपासून एक मिलिमीटर खाली गेली तर आम्ही हृदयविकाराचा संशय धरतो. म्हणून आधी एक मिलिव्होल्टचा संकेत देऊन तो कागदावर बरोबर दहा मिलिमीटर उमटतो का, कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर सरकतो का, हे पाहिले. मग पट्ट्यावर खडूची खूण करून, लांबी मोजून, घड्याळ लावून फेरे मोजले. ब्रूस पद्धतीचा पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढ; तो तसाच आला. लाल बटण दाबून पट्टा थांबवून पाहिला, तोही तीनदा. पहिला रुग्ण मी स्वतः. चवथ्या टप्प्यात दम लागला, हे इथे छापले नाही तरी चालेल. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, म्हणून नेटची तार काढून टाकली. अहवाल फक्त छापून द्यायचे, पेन ड्राइव्ह लावायचा नाही.

दुरुस्तीचा मी आंधळा पुरस्कर्ता नाही. कॉम्प्युटर फक्त नोंद घेत असेल किंवा त्याचे काम बाहेरून मोजून पडताळता येत असेल, तर वापरलेला बोर्ड चालेल. व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर, औषध सोडणारा पंप यांच्या पोटातल्या बोर्डाला बाजारातला जोड देऊ नये. तिथे चूक आधी रुग्णाला कळते, मग आपल्याला. एसएमपीएसमध्येही काटकसर नको. स्वस्तातला एसएमपीएस चांगला बोर्ड जाळतो, आणि रुग्णाच्या अंगाला तारा असलेल्या खोलीत अर्थिंगशी खेळ नको.

पण या मर्यादेतली शेकडो यंत्रे आपल्याकडे धूळ खात आहेत. केंद्राने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आणला, तेव्हा निरनिराळ्या राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद असल्याची आकडेवारी समोर आली होती. त्यातली सगळी लाखांच्या बिघाडाने बंद नसावीत, असे माझा अनुभव सांगतो. मला दोन गोष्टी हव्यात. पाच-दहा हजारांपर्यंतच्या दुरुस्तीचा अधिकार रुग्णालयप्रमुखाला द्या. हिशेब नंतर तपासा, कडक तपासा. आणि यंत्र खरेदीच्या करारातच लिहून घ्या, की सॉफ्टवेअरची प्रत, त्याची चावी आणि जोडणीचा नकाशा रुग्णालयाकडे राहील. आमची चावी डोंगलमध्ये होती म्हणून निभावले. ती बोर्डालाच बांधलेली असती, तर अठ्ठावीसशे रुपयांत काहीच झाले नसते.

जुन्या बोर्डाचे काय केले? भंगारवाला मागत होता. अशा बोर्डांतले तांबे काढायला ते उघड्यावर जाळले जातात, डाख वितळवला जातो, आणि त्यातले शिसे तिथल्या पोरांच्या रक्तात उतरते. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची. आमचा बोर्ड खोक्यात घालून, चिठ्ठी लावून अधिकृत ई-कचरा उचलणाऱ्यासाठी ठेवला आहे. तो अजून आलेला नाही.

मुकादम बाविसाव्या दिवशी आले. दुसऱ्याच टप्प्यात त्यांची रेघ दोन मिलिमीटर खाली गेली आणि मी लाल बटण दाबले. पुढच्या आठवड्यात त्यांची अँजिओग्राफी झाली. मधल्या एकोणीस दिवसांत ते ऊस तोडणाऱ्यांबरोबर फडावर चालतच होते, हे त्यांनी मला नंतर सांगितले.